पहिल्या बाकाची उंची

शेठनी चर्चच्या गळक्या छपरावर नवे पत्रे घातले तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं, "आता हा माणूस मंडळीच्या डोक्यावर बसणार." शेठनी पहिल्या बाकावर बसायचं ठरवलं. जुनं बाक काढून तिथे सागवानी, नक्षीचं, मखमली गादीचं बाक करायचं आणि त्यावर फक्त शेठच्या घरचे बसणार. काम आलं आमच्याकडेच. हे सुतार, पॉलिश माझं.

त्या बाकाच्या डाव्या कोपऱ्यात आमच्या सासूबाई बसतात. तापात त्यांचे कान गेले, तेव्हापासून त्या पाळकसाहेबांचे ओठ वाचतात. ते त्यांना तिथूनच दिसतात. अंगानं एवढ्याशा, दुसऱ्या बाकावर बसल्या की पुढच्यांच्या पाठीच बघायच्या.

"सरळ नाही म्हणा," मी ह्यांना बजावलं. ह्यांनी मान डोलावली आणि शेठसमोर जाऊन हो म्हणून आले. माझं डोकंच फिरलं. काम संपेपर्यंत मी ह्यांच्याशी फक्त पॉलिशपुरतं बोलले.

आईंना सगळं कळलेलं होतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापासून घरात काहीच लपत नाही. त्या लेकाला म्हणाल्या, "बाक चांगलं कर, देवाच्या घरचं आहे. आणि रविवारी मी माझ्या जागेवर बसणार."

रविवारी त्या सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. गादी अलगद बाजूला सारली. मग शेठ आले, मागोमाग अत्तराचा वास आणि अख्खं कुटुंब. छपराच्या उपकाराखाली वाकलेले पाळकसाहेब हात जोडून आईंकडे आले.

"आजी, जरा मागे बसता का?"

आई मोठ्यांदा बोलतात; आपला आवाज त्यांना कुठे कळतो! "पाळकसाहेब, मागे बसले तर मी उपाशी घरी जाईन. शेठकडे सहा दिवस सगळंच आहे. माझं सगळं इथे आहे, ह्या एका तासात. मी उठणार नाही."

पाळकसाहेब कानापर्यंत लाल झाले आणि निमूट परत फिरले. शेठ दात-ओठ खात आईंच्या शेजारी बसले, आणि त्यांचे गुडघे थेट छातीशी आले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या बसक्या आहेत. आईंचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून ह्यांनी मापाची एक काठी कापून ठेवलीय. आमचे पाहुणे गुडघ्यांवरून कप उचलून चहा पितात. हाताच्या सवयीनं ह्यांनी शेठच्या बाकाचे पायही त्याच काठीनं मापले होते, आणि पॉलिश करताना मलाही काही खटकलं नव्हतं. आईंचे पाय मात्र चर्चमध्ये पहिल्यांदाच फरशीवर सपाट टेकले होते. मला हसू आवरेना, आणि रडूही.

उपासना सुटल्यावर शेठ ह्यांच्या अंगावरच आले. "हे काय केलंस? उद्याच्या उद्या उंच कर, नाहीतर तुझं काम बंद."

चूक झाली होती खरी. हे माफी मागणार म्हणून मी कपाळाला हात लावायच्या बेतात होते. पण ह्यांनी आईंच्या पायांकडे पाहिलं. "चुकलंय शेठ. पण उंच करणार नाही. आईचे पाय लोंबकळतील. काम बंद तर बंद."

लग्नानंतर इतका अभिमान मला ह्यांचा कधी वाटला नव्हता.

शेठ खाली बघून काहीतरी पुटपुटले. आईंनी त्यांची हनुवटी धरून चेहरा वर केला. "वर बघून बोल, बाळा. ओठ दिसू देत."

शेठना बाळा म्हणणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं. ते वर बघून हळूच म्हणाले, "आज उपदेशात काय होतं? माझं सगळं लक्ष गुडघ्यांत होतं."

आईंनी ओठांवरून वेचलेलं सगळं सांगितलं. मोठमोठी कोठारं बांधायला निघालेला माणूस, त्याच रात्री त्याला आलेलं बोलावणं, जागच्या जागी राहिलेलं धान्य. "देवापुढे रिकाम्या हातांनी उभा राहिला रे. मला त्याची फार दया येते," त्या म्हणाल्या.

धडधाकट कानांच्या माणसाला बहिरी बाई उपदेश सांगत होती, आणि तो ऐकत होता.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा बाक तेवढंच बसकं होतं, गादी नव्हती. शेठ एकटेच आले आणि बाकाशी उभे राहिले, बसू की नको अशा चेहऱ्यानं. आई थोड्या सरकल्या आणि त्यांना त्यांच्याच बाकावर जागा करून दिली.