न तोडलेला दोरा

मी एक ॲबटमेंट बोलतोय. थांबा, लगेच पान उलटू नका! माझं नाव घेताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, तुमची अडखळली तर त्यात नवल ते काय? सोप्या भाषेत सांगतो. दात गेला की डॉक्टर जबड्याच्या हाडात धातूचं एक छोटं मूळ बसवतात, त्याला म्हणतात इम्प्लांट. वर दातासारखी दिसणारी कॅप असते. या दोघांच्या मधोमध उभा असतो तो मी. पेन्सिलीच्या टोकाएवढा, टायटॅनियमचा, आरपार भोक असलेला. त्या भोकातून एक बारीक स्क्रू जातो आणि मला मुळाशी आवळून धरतो. कॅपचं सगळे कौतुक करतात, इम्प्लांटचा एक्स-रे काढतात. मधल्याला कोण विचारतो? तुमच्या घरात मधलं भावंड असेल तर त्याला विचारा, ते सविस्तर सांगेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला म्हणे. मला काही आठवत नाही. मला वाढवलं ते लॅबवाल्या ताईंनी.

ताईंची लॅब म्हणजे जिन्याच्या वरच्या दोन खोल्या. एका खोलीत कॅप भाजायची भट्टी, दुसऱ्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल. सगळ्यावर प्लॅस्टरची पांढरी धूळ. ताईंच्या केसांवरसुद्धा. "मी म्हातारी नाही झाले हं, ही धूळ आहे," असं त्या कुरियरवाल्याला रोज सांगायच्या, आणि तो रोज मान डोलवायचा. कपाळावर भिंग चढवून त्यांनी मला घासलं, गोल केलं, पॉलिश केलं. "हिरडीला टोचायचं नाही बरं का," असं माझ्याशी बोलायच्या. एवढ्या मायेनं बोलल्यावर टोचायची माझी काय बिशाद!

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं. मला घडवताना ताई मला प्लॅस्टरच्या दातांवर दहादा बसवायच्या, दहादा काढायच्या. त्यासाठी लॅबमध्ये एक राबता स्क्रू असे. ताई त्याला 'घरगडी' म्हणायच्या. स्क्रू जितक्या वेळा आवळाल तितका तो थकतो, त्याचे आटे झिजतात. म्हणून लॅबचा नियम असा, की घरगड्यानं घरातच राबायचं. माणसाच्या तोंडात जायचा तो कोरा स्क्रू, बंद पाकिटातला. दोघं दिसायला जुळे भाऊ! ओळख पटावी म्हणून ताईंनी घरगड्याच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता.

पण मी निघायच्या दिवशी ताईंनी आम्हा सगळ्यांना वाफेनं स्वच्छ केलं, आणि वाफेबरोबर तो ठिपकाही गेला. त्यात डॉक्टरांचा फोन. "ताई, कुठवर आलं? पेशंट येऊन बसल्यात." ताईंनी घाईघाईनं मला उचललं, शेजारचा स्क्रू उचलला, कॅप उचलली आणि डबीत भरलं. कोरा स्क्रू आपल्या पाकिटात, प्लॅस्टरच्या मॉडेलखाली तसाच झोपून राहिला.

डबीत अंधार झाल्यावर मी विचारलं, "अरे, तू कुठे निघालास?"

घरगडी म्हणाला, "मलाही तेच कळेना. पण आता निघालोय तर निभावू, जमेल तेवढं."

आमचं नवं घर म्हणजे शिवणवाल्या मावशींचं तोंड. वरच्या ओळीत, अगदी पुढची जागा. समोरचा फ्लॅट मिळाला म्हणा ना! मावशी रस्त्यालगतच्या खोलीत शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, पडदे शिवायच्या. चाळीस वर्षं त्यांनी दोरा दातानं तोडला होता. कात्री हाताशी असली तरी दातानंच. आधीचा दात त्यातच खर्ची पडला. डॉक्टरांनी मला बसवताना बजावलं, "मावशी, आता दोरा कात्रीनंच. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाल्या.

त्यांच्या लेकीनं एक इवलीशी कात्री आणली आणि रिबिनीत ओवून आईच्या गळ्यात घातली. "सवय आहे आई, ती अशी सुटायची नाही. माझं लक्ष आहे हं!"

पहिले काही दिवस फार मजा आली. टाका संपला की हात आपोआप वर यायचा, दोरा ओठांना लागायचा, आणि मावशी एकदम थबकायच्या. "अगं बाई!" मग कात्री शोधायच्या, ती गळ्यातच असायची. पण खोटं कशाला बोलू? पाच महिन्यांत त्यांनी एकदाही दोरा दातानं तोडला नाही. एकदाही नाही. मी पहिल्या रांगेतला साक्षीदार आहे.

थकत होता तो घरगडी. एके दिवशी तो म्हणाला, "बाबा रे, मला काही धरवत नाही आता." आणि मी हलू लागलो. अगदी किंचित. मावशींना लगेच कळलं. त्यांनी जिभेनं मला चाचपून पाहिलं. त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर लेक काय म्हणाली असती ते त्यांना पाठ होतं. पंधरा दिवस त्यांनी एका बाजूनं जेवण केलं, आणि मी त्या हलण्यात बुडाकडून झिजत गेलो. मावशी, तेव्हाच डॉक्टरांकडे गेला असतात तर! पण भीती माणसाला गप्प बसवते, त्याला कोण काय करणार.

मग एका सकाळी मावशींनी केळं खाल्लं. हो, केळं! पिकलेलं, मऊ. घरगडी मधोमध तुटला, आणि मी कॅपसकट मावशींच्या तळहातावर आलो.

"केळ्यानं?" लेक म्हणाली. "आई, केळ्यानं कुणाचा दात पडलाय आजवर?"

"अगं खरंच सांगते."

"मी काय आज ओळखते का तुला? दोरा तोडलास ना? तोडला तर तोडला म्हण, मी काय मारणार आहे?"

डॉक्टरही भले माणूस, पण त्यांनाही तेच वाटलं. खुर्चीत बसवून हसत हसत विचारलं, "मावशी, खरं सांगा. एखादाच दोरा?" मावशींनी तोंडावर रुमाल धरला होता. त्या रुमालाआडूनच म्हणाल्या, "नाही हो डॉक्टर. एकही नाही." डॉक्टरांनी मान हलवली, पण ती विश्वासाची नव्हती. लेकीनं डॉक्टरांकडे पाहून डोळे मिचकावले. मावशींनी ते पाहिलं. दात गेल्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं. पोटच्या पोरीनं आपल्याला खोटारडी ठरवलं, ते लागलं.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण सांगणार कसं? जन्म तोंडात काढला, आणि मला स्वतःला तोंड नाही!

डॉक्टरांनी इम्प्लांटमध्ये अडकलेला स्क्रूचा तुकडा हलक्या हातानं उलटा फिरवून काढला. मूळ शाबूत होतं, नशीब. मग मला आणि स्क्रूच्या दोन्ही तुकड्यांना एका डबीत घालून लॅबकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी: 'दोरा तोडल्यामुळे स्क्रू तुटला. नवीन बनवा.'

लॅबमध्ये परत आलेल्या कामाला ताई 'माहेरवाशीण' म्हणतात. मी 'तो' असूनही माहेरवाशीण झालो, चालायचंच. ताईंची एक रीत आहे. परत आलेल्याला आधी भिंगाखाली बसवून विचारायचं, काय झालं रे तुला? मग वहीत कारण लिहायचं, आणि त्यानंतरच नवीन कामाला हात लावायचा. पण त्या दिवशी टेबलावर कामांचा ढीग होता आणि चिठ्ठीत कारण आयतंच होतं. ताईंनी वही उघडली, 'पेशंटने' एवढं लिहिलं आणि थांबल्या. रीत ती रीत. भिंग खाली ओढलं.

आधी मला पाहिलं. बुडाच्या कडा गुळगुळीत झालेल्या. "तू बरेच दिवस हलत होतास की रे," त्या पुटपुटल्या. मग स्क्रू पाहिला. आटे झिजून सपाट झालेले. पाच महिन्यांत एवढे? त्यांनी स्क्रूचं डोकं सुईनं कोरलं. खाचेच्या तळातून लाल रंगाचा एक कण निघाला.

ताईंनी तो रंग ओळखला. त्या उठल्या, फळीवरून मावशींच्या दातांच्या जुन्या मॉडेलचा खोका काढला, उपडा केला. बंद पाकिटातला कोरा स्क्रू टेबलावर पडला.

"अरे देवा," ताई म्हणाल्या.

खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. तो लाल कण फुंकरीनं उडाला असता. वहीतलं वाक्य पुरं केलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं. खरं सांगून डॉक्टरांचं काम सुटलं तर लॅब कशी चालणार, हेही त्यांच्या मनात आलं असणारच. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी 'पेशंटने' खोडलं, आणि लिहिलं, 'माझ्याकडून राबता स्क्रू गेला. चूक लॅबची.' आणि फोन लावला. "डॉक्टर, चूक माझी आहे. आणि मावशींना मीच सांगणार. तुम्ही नका सांगू."

माझा नवा भाऊ, म्हणजे नवा ॲबटमेंट, तयार झाल्यावर ताई स्वतः दवाखान्यात आल्या. मलाही डबीतून आणलं. मावशी खुर्चीत, लेक शेजारी उभी. ताईंनी मला आणि त्या तुटक्या घरगड्याला पांढऱ्या कागदावर ठेवलं, पाकीट ठेवलं, आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मावशी, तुम्ही दोरा तोडला नव्हता. हा स्क्रू केळ्यानंसुद्धा तुटणारच होता. मला माफ करा."

मावशींनी ताईंकडे पाहिलंच नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"ऐकलंस?" एवढंच म्हणाल्या.

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं आईचा हात धरला. "आई, चुकलं माझं. मी तुझं ऐकायला हवं होतं." मावशींचे डोळे भरून आले, लेकीचेही आले, आणि डॉक्टर उगाच दिव्याचा कोन नीट करत राहिले.

मग मावशींनी डोळे पुसले आणि ताईंना म्हणाल्या, "अहो, चुका होतात. मी एकदा एका साहेबांच्या पँटला दोन्ही पाय डावेच लावले होते. बिचारे आठवडाभर वाकडे चालले." नवा दात बसायच्या आधीच त्या रुमाल न धरता मनमोकळं हसल्या. ती फट काय सुंदर दिसली म्हणून सांगू!

पंधरवड्यानं लॅबमध्ये एक पाकीट आलं. आत लाल कापडाची छोटी थैली, तोंडाशी नाडी, वर पिवळ्या दोऱ्यानं शिवलेलं: 'घरगडी'. आता सगळे राबते स्क्रू त्या थैलीतच राहतात, कोऱ्यांच्या आसपासही फिरकत नाहीत. ताईंनी मलाही त्यात ठेवलंय, राखणदार म्हणून. मी आता कुणाच्या तोंडात जाणार नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. कुणी कळवळून म्हणालं, 'मी नाही केलं,' तर डोळे मिचकावायच्या आधी एकदा भिंग खाली ओढा.

हो, एक सांगायचं राहिलं. थैलीच्या शेवटच्या टाक्याचा दोरा वीतभर लांब लोंबत होता. सोबत मावशींची चिठ्ठी होती: 'हा मी तोडलेला नाही. तुम्हीच कापा. उगाच पुन्हा माझ्यावर आळ नको!'

ताई हसल्या, हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि हातातली कात्री खाली ठेवली. दोरा अजून तसाच आहे.