सात घड्याळे, एकच वेळ

मी एक जुना टेबललॅम्प आहे. मान वाकडी, बूड जड, आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी लागत नाही. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा मी इतर दिव्यांसारखाच भोळा होतो. पण माझी नेमणूक झाली घड्याळवाल्या काकांच्या टेबलावर. डोळ्याला भिंग लावून ते घड्याळाचे मागचे झाकण उघडत आणि म्हणत, "यात आधी कुणीतरी हात घातलाय." सव्वीस वर्षे रोज हेच ऐकल्यावर कोण भोळा राहील? त्यातून काकांचे म्हणणे बहुतेक वेळा खरे निघे, ही आणखी पंचाईत.

काका माझे कौतुक करत. हा दिवा आहे म्हणून माझे डोळे शाबूत आहेत, असे गिऱ्हाइकांना सांगत. मग त्यांचे हात थरथरू लागले, दुकान बंद झाले आणि मी घराच्या माळ्यावर धूळ खात पडलो. काकांनी दुकानातला एक खण मात्र जपून घरी आणला. त्यात चावीची एकतीस घड्याळे होती, लोक दुरुस्तीला टाकून विसरून गेलेली. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, त्यावर नुसते नाव आणि तारीख. विकून टाका, असे पुष्कळांनी सुचवले. लोकांची ठेव आहे, एवढेच काका म्हणत. दर रविवारी सकाळी ते सगळ्यांना चावी देत, जणू मालक त्याच दिवशी येणार आहेत. मंगळवारपर्यंत ती एकेक करून वाटेल त्या वेळेला थांबत.

एका शनिवारी दुपारी काका झोपले असताना सूनबाईंनी मला माळ्यावरून खाली काढले. घरात कुणी पाय न वाजवता चालू लागले, की माझ्या मनात पाल चुकचुकते.

त्यांनी टेबलावर एक रिकामा खोका आडवा ठेवला. दोन्ही बाजू कापून खिडक्या केल्या आणि त्यांवर ट्रेसिंग पेपर चिकटवला. आत पांढरा कार्डशीट असा वाकवून बसवला, की मागे कोपरा दिसूच नये. मग माझा पिवळा बल्ब काढला. झाले, आता आपण भंगारात, असे मला वाटले. पण त्यांनी पांढरा बल्ब लावला, कारण पिवळ्या उजेडात चंदेरी घड्याळसुद्धा सोनेरी दिसते. मला खोक्याच्या डाव्या बाजूला उभे केले, म्हणजे माझा उजेड कागदातून झिरपून आत पडेल. हात हलू नये म्हणून मोबाईल पुस्तकांच्या चळतीला टेकवला.

आणि मग काकांचा खण उघडला. कुंपणच शेत खाते ते असे, मी मनात म्हटले. सूनबाईंनी सात घड्याळे मऊ फडक्याने पुसली, काटे फिरवून दहा वाजून दहा मिनिटांवर आणले, फोटो काढले आणि घड्याळे होती तिथे ठेवली. इतका सुंदर फोटो माणूस विकायच्या वस्तूचाच काढतो, असे माझे ठाम मत झाले. खोका त्यांनी पलंगाखाली सरकवला. मी टेबलावरच राहिलो.

रविवारी सकाळी सूनबाई बाजारात गेल्या आणि काकांनी खण उघडला. सात घड्याळे एकाच वेळेला थांबलेली पाहून त्यांचा चेहरा उतरला. आपोआप असे होत नाही. म्हणजे कुणीतरी ती उघडून आतला माल बदलला. माझा नवा पांढरा बल्ब पाहून तर त्यांची खात्रीच पटली, की इथे कुणीतरी कामाला बसले होते, आणि काल दुपारी घरात सूनच होती.

त्यांनी भिंग लावले, चिमटा घेतला आणि सर्वांत लहान, बायकांचे घड्याळ उघडले. मित्रांनो, मी जीव ओतून उजेड दिला. चोर पकडायची मलाच जास्त घाई होती.

आत सगळे जिथल्या तिथे होते. काकांनी सुस्कारा सोडला, आणि चिमटा मागे घेताना त्यांचा हात थरथरला. केसाएवढी बारीक स्प्रिंग वेडीवाकडी होऊन बसली.

तेवढ्यात सूनबाई आल्या. त्यांच्यासोबत रुग्णालयाच्या गणवेशातल्या एक परिचारिका होत्या. सूनबाईंनी वस्तीच्या मोबाईल ग्रुपवर टाकलेले फोटो पाहून त्यांनी आपल्या आईचे घड्याळ ओळखले होते. नेमके तेच.

"बाबा, कुणीच आलं नसतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, म्हणून बोलले नाही," सूनबाई म्हणाल्या. काटे दहा-दहावर ठेवले की तबकडीवरचे कंपनीचे नाव झाकले जात नाही, हेही त्यांनी सांगितले. काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या दुकानातल्या प्रत्येक जाहिरातीत घड्याळे दहा वाजून दहा मिनिटेच दाखवत होती, आणि ती जन्मभर त्यांच्या डोक्यावर टांगलेली होती.

वेळ मारून नेणे सोपे होते. जुने घड्याळ बिघडलेलेच होते म्हटले असते, तर कुणाला कळले असते? पण काका उभे राहिले.

"बाई, गेल्या रविवारी चावी दिली तेव्हा हे चालत होतं. आज माझ्याच हातानं बिघडलं. मी सुनेवर संशय घेतला आणि उघडून बसलो."

सूनबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. 

परिचारिकाबाईंनी घड्याळ कानाला लावले. आवाज नव्हता. मग त्यांनी चिठ्ठीवरची तारीख दोनदा वाचली.

"आईनं हे इथं टाकलंय, हे आम्हाला माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "घरात सापडेना, तेव्हा कामाला येणाऱ्या मावशींवर आळ घेतला. काढून टाकलं त्यांना."

काकांनी दुरुस्तीचे काय करायचे ते विचारले. दुसऱ्या कारागिराकडून स्वखर्चाने करून देतो म्हणाले. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि चिठ्ठीचा दोरा सोडला.

"घड्याळ राहू दे तुमच्याकडे. मला ही चिठ्ठी द्या. मावशी अजून आमच्याच गल्लीत राहतात, त्यांना दाखवते."

मित्रांनो, मी नुसता दिवा आहे, मला विचारता येत नाही. तुम्हाला तोंड आहे. कुणाबद्दल मनात पाल चुकचुकली, तर झाकण उघडण्याआधी त्याला एकदा विचारा.