लायसन्स गेलं तेव्हा डॉक्टरांना सासूबाईंनी फिरवलं

गुरांच्या डॉक्टरांना पोलिसांनी अडवलं ते भर सकाळी, शाळेच्या वळणावर. आदल्या संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यातल्या जुन्या कंपाउंडरचा निरोपसमारंभ होता आणि कंपाउंडरवरच्या प्रेमापोटी डॉक्टरांनी जरा जास्तच घेतली होती. तिथून ते चालत घरी गेले, झोपले, उठून अंघोळ केली, कोरा चहा प्यायले आणि मगच गाडी काढली. आपण अगदी शहाण्यासारखं वागलो, अशी त्यांची समजूत होती. यंत्राला काही ती पटली नाही.

"पुन्हा एकदा फुंकू का?" त्यांनी विचारलं.

हवालदारबाई ओळखीच्या होत्या. त्यांच्या गाईचा पाय डॉक्टरांनीच बरा केला होता. त्या बिचाऱ्या नजर चुकवत म्हणाल्या, "डॉक्टर, दोनदा फुंकलंत. आता बासरीसारखं फुंकलंत तरी सूर तोच निघणार."

गाडी जप्त झाली. रक्त तपासायला घेतलं. बायको इस्पितळात नर्स, ती कामावर. तिचा फोन लागेना. म्हणून जामिनासाठी सासूबाई आल्या.

सासूबाई म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. उभ्या हयातीत त्यांनी खच्चून भरलेल्या बसला नुसत्या आवाजावर शिस्त लावली होती. पण जावयाशी मात्र त्या लग्नापासून मऊ बोलत. "जावईबापू, घ्या ना", "जावईबापू, बसा ना." त्या दिवशी चौकीच्या दारातूनच आवाज आला, "काय रे, अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?"

डॉक्टर चपापले. ह्या 'अरे-तुरे'ने त्यांना लाज वाटली, आणि का कोण जाणे, थोडा धीरही आला. आपल्या माणसावरच कोणी असं ओरडतं.

परतताना सासूबाईंच्या छोट्याशा गाडीत गुडघे हनुवटीला लावून ते बसले होते. "आई," ते हळूच म्हणाले, "मी आज प्यायलो नव्हतो हो. काल प्यायलो होतो."

सासूबाईंनी शाळेच्या वळणावर गाडी थांबवली. मधली सुट्टी झाली होती. एक चिमुरडी बुटाची नाडी बांधायला रस्त्याच्या कडेलाच वाकली होती.

"जा," त्या म्हणाल्या, "तिला सांगून ये, काल प्यायलो होतो म्हणून."

डॉक्टर गाडीतून उतरले नाहीत. घरी दुपारचं ताटही त्यांनी नुसतंच चिवडलं.

संध्याकाळी त्यांचा मित्र आला. तो वकील. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने धीर दिला. "यंत्रात बिघाड होता म्हणू. तारखा पडत राहतील, तोवर गाडी चालवायला मोकळा." डॉक्टरांचे डोळे लुकलुकले. लायसन्स गेलं तर गोठ्यागोठ्यातून फिरणार कसं? पोटच त्याच्यावर.

सासूबाई मटार सोलत होत्या. "वकीलसाहेब, यंत्र बिघडलं होतं का?"

"सिद्ध करता येईल."

"ते नाही विचारलं मी. बिघडलं होतं का?"

वकिलाने चहाच्या कपात तोंड घातलं. बायको नुकतीच कामावरून आली होती. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ती एवढंच म्हणाली, "आमच्या इस्पितळात रोज कोणी ना कोणी अशा गाडीखाली मोडून येतं. तू ठरव."

डॉक्टरांनी ठरवलं. कोर्टात उभं राहून त्यांनी गुन्हा कबूल केला. दंड झाला, लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित झालं, दर शनिवारी सुरक्षित वाहतुकीच्या वर्गाला बसायचं ठरलं. "पुन्हा असं झालं तर तुरुंग," न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

"उद्यापासून फेरीला मी," सासूबाईंनी कोर्टाबाहेर जाहीर केलं.

त्यांचं चालवणं असं, की सायकलवाले मागे वळून काळजीने बघत. गाडी निघताना त्या "धरून बसा" म्हणत, थांबली की "सावकाश उतरा".

पहिल्याच गोठ्यावर मालकाने विचारलं, "डॉक्टर, आज गाडी नाही चालवत?"

"डोळ्यांचा जरा त्रास आहे," डॉक्टरांनी ठोकून दिलं.

मालकाने गाईला चार पावलं मागे ओढलं. "मग सुई कुठे टोचणार तुम्ही?"

मागून सासूबाई खोकल्या. डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. "डोळे ठीक आहेत. पिऊन गाडी चालवली, लायसन्स गेलं." मालकाने त्यांच्याकडे पाहिलं, मग गाय पुढे आणली. "हात तर थरथरत नाही ना?"

"नाही."

"मग टोचा."

पुढे प्रत्येक गोठ्यावर त्यांनी तेच सांगितलं. दर वेळी ते सांगणं थोडं सोपं जाई, पण अगदी सोपं कधीच झालं नाही.

एके दुपारी टेकडीवर राहणाऱ्या एका बाईंची गाय अडली. वासरू आडवं आलं होतं. बाई एकट्याच होत्या, त्यातून मनगट लचकलेलं. डॉक्टर कोपरापर्यंत आत, आणि दोरी ओढायला कोणी नाही. "आई!" त्यांनी हाक मारली. सासूबाईंनी पदर खोचला, भिंतीला पाय लावला आणि डॉक्टर "आता" म्हणतील तेव्हा तेव्हा ओढलं. शेवटच्या ओढीला त्या मागच्या गवतात उताण्या पडल्या आणि वासरू त्यांच्या पायांवर.

दोघेही शेणाने माखलेले. वासराने डोकं हलवून श्वास घेतला.

"चला," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "एक प्रवासी उतरला."

डॉक्टर इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाहीनेही पुसता येईना, बाही तशीच होती.

यथावकाश लायसन्स परत मिळालं. त्या दिवशी डॉक्टर एकटेच फेरीला निघाले. रस्ता मोकळा, गाडी हवी तशी पळत होती, आणि शेजारी "सावकाश" म्हणायला कोणी नव्हतं. शाळेच्या वळणावर त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

टेकडीवरच्या बाईंनी गाडीत डोकावून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "एकटेच आलात? त्या कुठे आहेत? वासरू दाखवायचं होतं त्यांना."

डॉक्टरांनी तिथूनच फोन लावला. "आई, इथे मला कोणी विचारत नाही. सगळे तुमचीच चौकशी करतायत."

पलीकडे भांडी वाजायची थांबली. "मग ये न्यायला," सासूबाई म्हणाल्या. "आणि हॉर्न वाजवू नकोस. मी चप्पल घालून दारातच उभी राहते."