खाकी पडलेला पेन

नवरा डोळ्याचं ऑपरेशन करून आज घरी येणार, आणि म्हातारी सकाळपासून घरात येरझारा घालत होती.

कारण तसंच होतं. म्हाताऱ्याला जुने शाईचे पेन जमवायचा नाद. चाळीस वर्षांत सत्तावन्न पेन, कपाटात मखमलीवर निजलेले. "ह्या माझ्या सवती," ती म्हणायची. तो दवाखान्यात गेला तशी हिला वाटलं, शाई सुकून बरबटलेत, न्हाऊ घालू. पहिलाच हाताला आला तो काळा, सासऱ्यांच्या वापरातला, नवऱ्याचा जीव की प्राण. टाकला उकळत्या पाण्यात. चिकट डबे असेच तर स्वच्छ निघतात. बाहेर काढला तर काळ्याचा खाकी.

बाकीच्यांना हात न लावता ती तडक पेन दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने भिंग लावलं.

"आजी, हा कडक रबराचा. ह्याला गरम पाणी सोसत नाही. वरचा थर घासून पुन्हा काळा करतो, पण हे कोरलेलं नाव जाईल."

नाव सासऱ्यांचं. तिला धड वाचता येत नव्हतं, पण बोटाला अक्षरं लागली.

"राहू दे. सासऱ्यांना पुसणारी मी कोण? पेन काळा नको, माझंच तोंड काळं होऊ दे."

नवरा येऊन खुर्चीत टेकला, तोच तिने पेन त्याच्या हातात ठेवला. "मी उकळला. काय बोलायचं ते बोला."

त्याने पेन खिडकीकडे धरला. उलटसुलट फिरवून पाहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"हसताय? ऑपरेशन डोळ्याचं झालं का डोक्याचं?"

"अगं, तो हिरवा आठवतो? प्रवासात हरवला म्हणालो होतो तो?"

"आठवतो तर. त्या हमालाला मी आठ दिवस शिव्या घातल्या."

"हमाल बिचारा निर्दोष. मीच उकळला होता. फुगून वाकडा झाला. तुझ्या तोंडाला भिऊन फेकून दिला."

म्हातारीने पदराने कपाळ पुसलं आणि त्याच्यासमोर बसकण मारली. तिकडे त्याने खाकी पेनात शाई भरली, कागदावर रेघ ओढली. निळीशार, सलग.

"बघ, पहिल्यापेक्षा मोकळा चालतोय."

"चालणारच," ती म्हणाली. तिचा नेहमीचा ठसका परत आला होता. "पण त्या हिरव्याचं तेव्हाच खरं सांगितलं असतंत, तर ह्याचा रंग वाचला असता. चूक कुणाची?"

"माझीच," तो म्हणाला, आणि दुसरी रेघ ओढली.