बिनशाईचा ठसा

आप्पांच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती आणि मंगळवारी ती काढून टाकायची, असं कुशलने ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे ठरलं. परदेशात, चांगी बिझनेस पार्कात पंधरा जणांची टीम हाकणाऱ्या माणसाला एकटा बाप कितीसा जड जाणार? डॉक्टर म्हणाले होते, साधी आहे, त्रास नसेल तर राहू द्या. पण कुशलला साधी गाठसुद्धा नको होती. "तुझं बरोबर असेल," एवढं बोलून आप्पा लेकाच्या मरीन परेडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत जाऊन बसले.

सुनेला, नीताला, ते काही पटलं नव्हतं. चाळीस वर्षं गावच्या शिमग्यात देवीची पालखी नाचवलेला माणूस यंदा पहिल्यांदाच गावात नव्हता. गुडघे गेले, म्हणून त्यांच्या जागी पुतण्या, मुकुल, उभा राहिला होता. शिमग्याच्या दिवशी आप्पांनी अर्धी पुरणपोळी पानात टाकली. घरात बसून झुरण्यापेक्षा बरं, म्हणून शनिवारी नीताने त्यांना प्रदर्शनाला नेलं.

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि पाहुण्यांना माहिती सांगायचं काम नीता हौसेने करायची. एकाने चित्र काढायचं, दुसऱ्याने फळीवर कोरायचं, तिसऱ्याने छापायचं, दर रंगाला वेगळी फळी, हे तिला तोंडपाठ होतं. आप्पा सुनेचं मन राखायला हूं हूं करत होते.

शिंतो देवळांच्या उत्सवांच्या चित्रांपाशी आल्यावर मात्र त्यांचे पाय थांबले. एका चित्रात उघड्या अंगाची माणसं देवाची पालखी घेऊन निघाली होती.

"अगं, नाचवतायत की! पुढचे बसलेत बघ, मागचे उठलेत."

मग ते बाजूला सरकले आणि काचेला गाल लागेल इतके वाकले.

"अंकल, डोंट लीन लाह!" पहारेकरीण तिथल्या लकबीच्या इंग्रजीत ओरडली.

आप्पांचं लक्षच नव्हतं. कोपऱ्यात हात जोडून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याकडे त्यांनी बोट केलं. "हा कोण?"

"तो? गर्दीतला बघ्या," नीता म्हणाली. आजवर सगळ्यांना ती हेच सांगत आली होती.

"बघ्या? माझ्या जागी येऊन बघ."

ती त्यांच्या जागी वाकली. तिरक्या उजेडात म्हाताऱ्याच्या खांद्यावर कागदच वर आला होता. तिथे ना रेघ होती ना रंग. कोरणाऱ्याने फळीत तांदळाएवढा खळगा केला होता आणि छापणाऱ्याने शाई न लावता कागद त्यात दाबला होता. समोरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. नीताच्या अंगावर सर्रकन काटा आला. दीडशे वर्षांपूर्वी, कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याच्या खांद्यासाठी दोन कारागिरांनी एवढा जीव ओतला होता! आणि ती रोज समोर उभी राहून त्याला बघ्या म्हणत होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्या खांद्यावरून नजरही हटेना.

"पालखीचा दांडा घासून घासून येते ही गाठ," आप्पा म्हणाले. "त्याची पाळी संपलीय. तरी कुणी पुसली नाही बघ." ते चित्राकडेच बघत होते. "मला वाटलं, पालखी मुकुलकडे गेली, आता ही गाठ तरी कशाला ठेवायची. म्हणून हो म्हणालो."

"आणि आता?"

आप्पांचा हात आपसूक खांद्यावर गेला. इतके दिवस त्यांच्या बनियनमधून ती गाठ दिसली की नीता नजर वळवायची.

"आप्पा, मी हात लावू?"

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. दारात आलेल्या पालखीला लावतात तसा नीताने त्या गाठीला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. पहारेकरीण टकामका बघत राहिली.

मग नीताने कुशलला फोन केला.

"मंगळवारचं रद्द कर."

"का? आप्पा घाबरले का?"

"नाही. तू इथे ये. आणि आलास की चित्राच्या समोर उभा राहू नकोस, आप्पांच्या बाजूला उभा राहा."