तिसरी ओवी

"पहिली माही ओवी गडावरच्या रामाले,
दुसरी माही ओवी धन्याच्या त्या घामाले,
चवथी माही ओवी बांधातल्या धानाले..."

जिजाबाई मावशीचा हा आवाज शामलाच्या कानात लहानपणापासून मुरलेला. सुटीत ती रामटेकजवळच्या त्या गावी जायची, मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून जात्याची घरघर ऐकत झोपी जायची. एकदा तिनं विचारलंही होतं, "मावशी, तिसरी कुठं गेली वं?"

"जात्यानं खाल्ली," म्हणत मावशीनं मूठभर गहू जात्यात सोडले होते.

आता चौऱ्याहत्तर साल. शामला नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाली होती. वडिलांच्या मनात सीताबर्डीत दवाखान्याची पाटी होती, पण दिल्लीहून तिला संशोधनाचं अनुदान मंजूर झालं. काचपट्ट्या, रसायनं, एसटीचं भाडं, तिचं पोट, सगळं त्यातून. तिचे मार्गदर्शक कृष्णकांत सर हसून म्हणाले होते, "वर्षभर तुला फक्त प्रश्न विचारायचा पगार. एवढी चैन नव्या डॉक्टरला कुठं मिळते!"

प्रश्न तिनंच निवडला होता. काही घरांतल्या लेकरांची हाडं ठणकतात, रक्त आटतं. त्यांच्या गोल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि हे आईबापाकडून उतरतं. असं रक्त कुठल्या घरांत आहे? बोटाच्या एका थेंबात कळण्यासारखं होतं. पण पुरेशी घरं तपासून झाली, तरच अनुदान दुसऱ्या वर्षी चालू राहणार होतं. फाल्गुन सरत आला होता, आणि मावशीच्या गावात एक बोट पुढं येत नव्हतं.

"काहून वं डॉक्टरीणबाई," पारावरून महादेवरावांनी हाक दिली, "आमचं रगत नागपुरात इकून राहिली का?"

"इकलं असतं तर पायी आली असती का, काका? मोटार घेतली असती!"

पार खदखदून हसला. बोट मात्र कुणीच दिलं नाही. चूक शामलाचीच होती. दारात उभं राहून, सगळ्यांदेखत तिनं विचारलं होतं, "घरात कोणाले हाडाचं दुखणं हाये का?" अंजनाबाईच्या लेकीचं लग्न ठरलेलं. ती पदर सावरत म्हणाली, "आमच्यात नाई वं माय असलं काही." मग गल्लीभर तेच उत्तर.

दुपारी लग्नाच्या पापडांचे उडीद दळायला बायका मावशीच्या अंगणात जमल्या. शामला खांबाला टेकून पेटी आवरत होती.

"मावशी, पुढच्या साली येणं होत नाई आता."

"काहून?"

"इथं काहीच सापडलं नाई, असं लिहून द्या लागते. मंग थे दुसऱ्या कामाले पैसे देतीन."

"अन् लेकरं?"

"लेकरं ठणकत राहतीन."

मावशीनं जात्याचा खुंटा धरला. समोर अंजनाबाई बसली. जातं फिरू लागलं, पहिली ओवी रामाला गेली, दुसरी धन्याच्या घामाला. बायकांनी सवयीनं चौथीचा सूर लावला. मावशीचा आवाज तेवढा मागं राहिला, एकटा, थोडा फाटलेला.

"तिसरी माही ओवी गोविंदाच्या पायाले,
रातभर जागणाऱ्या त्याच्या येड्या मायले..."

जातं थांबलं. पीठ खाली सांडत होतं ते सांडायचंही थांबलं.

"कोण गोविंदा वं, जिजाबाई?" अंजनाबाईनं हळूच विचारलं.

मावशीनं हाताचं पीठ पदराला पुसलं. चेहरा कसा, तापलेल्या रानावर सावली यावी तसा निवला होता. तिनं बोट शामलापुढं धरलं.

"माहा पयला लेक. पाय धरून रडे, अन् मी सांगो, दृष्ट लागली. नणंदेचं लग्न मोडीन म्हणून सासूनं तोंड शिवलं, मंग मीच टाके उसवले नाई. त्याले हेच दुखणं होतं, पोरी, त्यातच गेला थो. घे, पयलं रगत माहं घे."

मागून अंजनाबाईच्या बांगड्या वाजल्या. तिनंही हात पुसला होता.

"अन् माह्या पोरीचंही घे वं," ती म्हणाली. "तिचेही पाय ठणकतात."