कोरड्या तोंडाचा शब्द

"बाटली कुठं हाय, जिवल्या?" म्हाताऱ्या लाडक्याने तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा जिवल्याने पिशवीत हात घातला आणि संत्र्याच्या सरबताची मोठी बाटली काढून अंगणाच्या मधोमध ठेवली.

अंगणात बसलेले पाच-सहा जण त्या नारिंगी बाटलीकडे बघत राहिले. मग कुणीतरी फिसकन हसले आणि सगळेच हसायला लागले. जिवल्याही हसला. हसण्यासारखेच होते ते. पोरीला मागणी घालायला आलेला मुलाचा बाप दारू न आणता सरबत घेऊन येतो, हे त्या पाड्यावर आजवर कुणी पाहिले नव्हते.

पद्धत साधी होती. मुलाकडच्यांनी दारू आणायची. दोन्हीकडच्या जाणत्यांनी ती एकत्र बसून प्यायची. पेला रिकामा झाला की शब्द बांधला. त्याला पास पिणे म्हणत. पास प्यायल्याशिवाय पोर द्यायची म्हणजे दावे न बांधता म्हैस द्यायची, असे लाडक्या म्हणायचा. पाड्यातल्या प्रत्येक पासाला तो हजर असायचा आणि त्यात आपले नुकसान झाले, असे त्याला कधी वाटले नव्हते.

"जिवल्या," तो म्हणाला, "तुला आमी वळखतो. तू तर दोन माणसांची पीत व्हतास."

"तीन माणसांची," जिवल्या म्हणाला. "खोटं कशाला बोलू."

पुन्हा हशा पिकला. जिवल्याला दारू सोडून अकरा वर्षे झाली होती. बोईसरच्या एका कंपनीत तो माळीकाम करायचा. तिथला एक गडी त्याला सरावलीच्या प्रार्थनेला घेऊन गेला होता. प्रार्थनेनंतर चहा आणि बिस्किटे मिळतात, एवढेच ऐकून जिवल्या गेला. चहासाठी गेला तो येशूपाशी राहिला. त्याची बायको मरेपर्यंत म्हणायची, देवाने माझा नवरा दोन बिस्किटांत घेतला, स्वस्तात पडला त्याला.

"मी ऐकलंय," लाडक्या डोळे बारीक करून म्हणाला, "तुमच्या येशूनं एका लग्नात पाण्याची दारू केली. खरं काय?"

"खरं हाय."

"मग बोलव त्याला. विहिरीचं पाणी हाय, हंडे हायेत."

या वेळी हसताना एकाच्या डोळ्यात पाणी आले. जिवल्याने हसू ओसरू दिले. "त्यानं केली," तो म्हणाला, "कारण त्याला झेपत व्हती. मला नाय झेपत, बाबा. एक घोट घेतला, तर पोराच्या लग्नाला मी गटारातून उठून यायचो."

पोरीचा बाप धर्माजी खाटेच्या कडेला बसून मान खाली घालून ऐकत होता. त्याची पोरगी भावना आणि जिवल्याचा पोरगा कमलेश एकाच कंपनीत पॅकिंगला होते. दोघांचे जमले होते आणि धर्माजीलाही पोरगा पसंत होता. पण पाड्याची रीत सोडून पोर दिली, तर उद्या मयताला खांदा द्यायला कोण येणार?

"व्याही," तो हळूच म्हणाला, "तू पिऊ नको. बाटली तेवढी आण. आमी पितो. तुझ्या देवाला काय कळतंय?"

ही वाट सोपी होती. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे, बाटली आणायची आणि स्वतः सरबत पीत बसायचे. शेजारी बसलेला कमलेश बापाकडे बघत होता. पोराची नजर काय मागते ते बापाला कळते.

जिवल्याने दाराकडे पाहिले. तिथे भावनाची आई, भागी, चौकटीला टेकून उभी होती. ती हसली नव्हती. आल्यापासून एकदाही नाही. का ते जिवल्याला ठाऊक होते, आणि या अंगणात ते फक्त त्या दोघांनाच ठाऊक होते. तो गप्प बसला असता, तर गोष्ट तिथेच मिटली असती.

"बाटलीचं मग बघू," तो म्हणाला. "आधी मला एक बोलायचंय. ते ऐकून तुमी हाकललंत तरी चालंल."

कमलेशने डोळे मिटले.

"बावीस वर्षांमागं मी याच अंगणात पास प्यालोय."

"नाय रं," लाडक्या म्हणाला. "कुणासाठी?"

"माझ्या भावासाठी. भागीच्या भनीला मागायला आलतो. शालूला. तवा ती इथंच ऱ्हात व्हती. तू व्हतास समोर. तू पण प्यालास."

लाडक्या आठवायला लागला. आठवले काहीच नाही. "ते तर भागी म्हणत व्हती," तो पुटपुटला. "आमी म्हटलं, बाईला भास झाला."

"भास नाय. आपण सगळे पिऊन पडलो. सकाळी कुणालाच काय आठवलं नाय. आठ दिवसांनी भागी माझ्या दारात आली, लग्नाची तारीख विचारायला. मी म्हटलं, मी तुमच्याकडं आलोच नाय. तेव्हा खरंच आठवत नव्हतं." जिवल्या थांबला. पुढचे वाक्य त्याने प्रार्थनेत शंभरदा देवाला सांगितले होते. माणसांना सांगायची ही पहिलीच वेळ. "पर सांजच्याला आठवलं. सगळं आठवलं. आता फिरून कसं सांगू, म्हणून लाजेनं गप बसलो. भावाचं दुसरीकडं केलं. भागी खरं बोलत व्हती. खोटा मी व्हतो."

कोंबडी सरबताच्या बाटलीला चोच मारून गेली.

धर्माजी त्या वर्षी वीटभट्टीवर होता. परत आल्यावर पाड्यातल्या सगळ्या पुरुषांनी त्याला सांगितले, तुझ्या बायकोने बहिणीसाठी सोयरीक स्वप्नात जमवली. त्याने ते मानले. भांडण झाले की तो तेच काढायचा. मागच्या आठवड्यातही काढले होते. आता तो बायकोकडे बघत होता आणि तिच्याकडे बघताना मान कुठे ठेवावी ते त्याला समजत नव्हते. शेवटी तो खाटेवरून उठला.

"भागी," तो म्हणाला, "इथं बस."

भागी आली आणि पुरुषांच्या मधे खाटेवर बसली. पदर नीट केला. मग लाडक्याकडे वळून म्हणाली, "पासाचं काय म्हणत व्हतास, बाबा? एवढी पिऊन बांधलेला शब्द कुठं गेला?"

लाडक्याने डोके खाजवले. "त्या वेळी माल चांगला नसंल," तो म्हणाला. भागी पहिल्यांदा हसली, आणि मग सगळ्यांनाच हसता आले.

ती जिवल्याला म्हणाली, "आज दारू नको आणि तुझं सरबत पण नको. शालू मुरब्याला हाय, दर्याकाठच्या गावात. तिला पुन्हा कुणी मागायला आलं नाय. तू जा तिच्याकडं. आता बोललास ते तिच्या तोंडावर बोल. लग्नाला येते म्हणाली, तर माझी पोर तुझी. नाय म्हणाली, तर नाय."

"चालंल," लाडक्या म्हणाला, पण त्याला कुणी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिवल्या मुरब्याला पोचला. किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते, लांबच लांब. शालू एका काठीपाशी उभी होती. केस पिकले होते, कोपरापर्यंत हात ओले होते. कोळणींच्या हाताखाली राबायला आलेली ही डोंगराकडची बाई आता त्यांच्याच ठसक्यात बोलत होती. जिवल्याने नाव सांगितले. तिने टोपलीकडे बोट दाखवले.

"बोलायचं ते काम करताना बोल. ऊन कुणासाठी थांबत नाय."

एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी काठीवर टाकायची. जिवल्याच्या हातून पहिल्या तीन जोड्या वाळूत पडल्या. चौथीला तो बोलायला लागला. सगळे सांगितले, एकही गोष्ट गाळली नाही. बोलून झाल्यावर म्हणाला, "माफ कर. नाय केलंस तरी मी समजीन."

शालूचे हात चालूच होते. "तुझा भाऊ काळा का गोरा, ते पण मला आठवत नाय," ती म्हणाली. "त्याच्यासाठी मी रडले नाय. माझी भन माझ्यासाठी तुझ्या दारात आली, आणि जग तिला खोटी म्हणालं. मी गाव सोडलं ते त्यापायी. मला बघितलं की लोक तिला हसायचे."

जिवल्याने पुढची जोडी अडकवली. ती टिकली.

"काल सगळ्यांसमोर बोललास?"

"सगळ्यांसमोर."

"लाडक्या व्हता?"

"व्हता."

"त्याचं तोंड बघायला पायजे व्हतं मी." ती हसली आणि हसता हसता ओल्या मनगटाने डोळे पुसले. "खारं पाणी," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारले, "लग्नात पाजणार काय?"

"सरबत."

"देवा. आणि तेवढ्यावर माणसं नाचणार?"

"मी नाचतो. अकरा वर्षं कोराच नाचतोय. पाय तेवढा वाकडाच पडतो."

तिने काठीवरची त्याची एक जोडी सरळ केली. मग हात पुढे केला. "फोन लाव भागीला."

जिवल्याने लावून दिला. शालूने तो ओल्या हातात घट्ट धरून कानाला लावला. पलीकडून भागीचा आवाज आला, एकदा, दोनदा. शालू समुद्राकडे बघत म्हणाली, "नवरीच्या मावशीचं लुगडं नवरदेवाकडून असतं, ठाव हाय ना? त्याला सांग, हिरवं नको. हिरव्यात मी काळी दिसते."

पलीकडे काय झाले, ते जिवल्याला ऐकू आले नाही. शालू नुसती "हं, हं" करत होती. मग तिने फोन परत दिला. तो ओला होता आणि त्याला बोंबलाचा वास येत होता. जिवल्याने तो तसाच, न पुसता, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि टोपलीतला पुढचा बोंबील उचलला.